कॅसिडीचा उरलेला एक मोसम

मी कॅचरचा ग्लोव्ह बोलतोय. सॉफ्टबॉलमध्ये बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलणारी जी मुलगी असते ना, तिच्या डाव्या हातात मी असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. मला माणसात आणलं ते कॅसिडी वोबोरिलनं. नेब्रास्कातल्या घरी तिनं मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवून दोरीनं बांधलं आणि आठवडाभर गादीखाली घालून वर झोपली. कॉलेजच्या संघात तिची निवड झाली, तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं, आता मैदान आपलंच.

पण त्याच वर्षी ब्रिन आली. कॅसिडीच्याच खोलीत राहायला आणि तिच्याच जागी खेळायला. ब्रिन खरंच भारी होती. तीन मोसम आम्ही कुंपणापलीकडे पिचरना सराव देत बसलो. हजारो चेंडू झेलले, पण सामन्यातले मोजून दहा-बारा. कॅसिडी रुसली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतही वर्गात बसून तिनं चार वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवली. मला वाटलं, हिला अभ्यासाचं वेड आहे. तिचा बेत मला उशिरा कळला.

खेळायला चार मोसम मिळतात, आणि एखाद्या डावापुरतं उतरलं तरी मोसम मोजला जातो. तिचा एक शिल्लक होता, आणि पदवी घेतलेल्या मुलीला तो दुसऱ्या कॉलेजात, पुढचं शिकत खेळता येतो.

"माझ्यामुळे चाललीस ना?" ब्रिननं विचारलं.

"तुझ्यामुळे नाही गं. पण तू बसली असतीस का माझ्या जागी, तीन वर्षं?"

ब्रिन उठली. मग तिनंच कॅसिडीची बॅग भरायला घेतली.

वडील मात्र फोनवर चिडले. "वोबोरिल घराण्यातले लोक अर्ध्यावर सोडून जात नाहीत."

"अर्ध्यावर कुठे, बाबा? डिग्री घेऊन चाललेय!"

त्यांनी फोन ठेवून दिला. नंतर मात्र दर सामन्यानंतर त्यांचा फोन यायचा, "गुडघे कसे आहेत?"

लुइझियानातल्या नव्या संघात बहुतेक मुली अठरा-एकोणीसच्या. एकवीस वर्षांची पदवीधर कॅसिडी त्यांची 'आजी' झाली.

"आजी, उठताना केवढा आवाज झाला!" नोएमी ओरडायची. ती पिचर, आणि सगळ्यांत वात्रट. तिचा चेंडू वेगवान, पण कधी डोक्यावरून, तर कधी धुळीत.

"तू टाक बिनधास्त. थांबवणं माझं काम," म्हणत आजी आडवी पडायची. हळूहळू पोरीचा हात बसला.

सेहेचाळीस सामने खेळलो. माझी शिवण उसवली, तळ काळा पडला. इतका सुखी मी कधीच नव्हतो.

आज शेवटचा सामना एका धावेनं हरलो. धाव पुरी करायला आलेल्या मुलीला बाद करण्यासाठी कॅसिडीनं चेंडूसकट मला तिच्या अंगाला टेकवलं खरं, पण ती आधीच पोचली होती.

आत्ता संघ जेवायला बसलाय. टेबलावर कागद अंथरून कोळंबीसारख्या कवचाच्या, उकडलेल्या लालभडक क्रॉफिशचा ढीग ओतलाय. ते सोलायला दोन हात लागतात, आणि कॅसिडीच्या डाव्या हातात अजून मीच आहे.

"आजी, काढ ना तो."

"काढते गं. जरा वेळानं."

नोएमीनं हट्ट सोडला. शेजारी सरकून ती एकेक सोलून तिला भरवतेय. "तिखट आहे," म्हणत कॅसिडी उजव्या हातानं डोळे पुसतेय.

ढीग संपत आलाय, पोरी. आता काढ मला. शेवटचे चार तरी स्वतःच्या हातांनी सोलून खा.