कांताबाईचं बी धुणारा टब

मी एक जुना निळा टब आहे. प्लास्टिकचा म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो! आमच्या घरी लोखंडी घमेल्याचा मोठा तोरा होता. पण एकदा त्यात तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, लावलेलं बी धुतलं, तर घमेलं फसफसलं आणि त्याच्या बुडाची चाळण झाली. मला मात्र काही म्हणता काही होत नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

फुटक्या बादल्या वितळवून मला घडवलं. घाटंजीच्या बाजारातून कांताबाईने मला डोक्यावर पालथा घालून घरी आणलं. उन्हाची टोपीही झाली आणि टबही!

कापसाच्या बीला, म्हणजे सरकीला, बारीक तंतू चिकटलेले असतात. त्यामुळे पेरताना बी सुटं पडत नाही. पूर्वी ते शेणमातीत चोळत. मग तेजाबाची रीत आली. हाताला प्लास्टिक बांधायचं, काठीने ढवळायचं, तंतू जळले की भरपूर पाण्याने धुवायचं. आता भर उन्हाळ्यात आमच्या हातपंपाला भरपूर पाणी येणार कुठून? घागर ओतून द्यायची म्हणजे बायांच्या जिवावर येई. बी काळंभोर चमकलं, की झालं, असं सगळ्या समजत.

ती वर्षं कापसाला वाईट होती. पाकिटातलं बी दरसाल नवं आणावं लागे, तरी बोंडअळी यायची ती यायचीच. कांताबाईने मात्र एका तुकड्यात आपल्या आईचं देशी बी जपलं होतं, झरीकडच्या माहेराहून आणलेलं. आदल्या साली ते उगवलंच नाही. बी म्हातारं झालं, असं तिचे यजमान पंजाबराव म्हणाले. यंदाही नाही उगवलं तर त्या तुकड्यातही पाकिटाचंच पेरायचं, असं ठरलं. आईचं बी आता डबाभरच उरलं होतं. तेच एका सकाळी माझ्यात पडलं होतं.

त्याच सकाळी पाणी आणताना पंजाबरावांचा पाय मुरगळला. कांताबाईने हळद घेतली, त्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला आणि लालभडक लेप लावला. हात धुवायला पाणी कशाला घालवायचं, म्हणून तशीच माझ्याकडे आली. बी दोनदा धुऊन झालं होतं. ते काढायला तिने हात घातला आणि बोटांवरचा लाल रंग पाहता पाहता पिवळा झाला!

तिची लेक उर्वशी दहावीत होती. तिने आईचा दुसरा हात वाटीत घेतलेल्या माठातल्या साध्या पाण्यात बुडवायला लावला. तो लालच राहिला. मग तिने समजावलं, की चुना आम्लारी आहे, त्यात हळद लाल होते. आम्ल लागलं की पुन्हा पिवळी. म्हणजे या पाण्यात तेजाब अजून शिल्लक होतं आणि बियांच्या अंगावरही.

कांताबाईने माझ्यातलं मूठभर बी उचलून पाहिलं. "म्हणजे बी मेलं नव्हतं वं. आपणच त्याले जाळलं."

मग दोघींनी भिंतीला लावायचा चुना भिजवून त्याची निवळी, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, माझ्यात ओतली. हळदीची चिमूट टाकली. पिवळी. आणखी निवळी, तरी पिवळीच. माझ्या छातीत धडधडत होतं बरं का, टब असलो म्हणून काय झालं! शेवटी हळद लाल झाली. आम्ल संपलं होतं. याला उर्वशीच्या पुस्तकात उदासिनीकरण म्हणतात. नाव उदास, पण काम मोठं आनंदाचं.

आता चुनाही धुऊन काढायला हवा होता. घरात तेवढं पाणी नव्हतं. पंजाबराव लंगडत आले आणि आपल्या आंघोळीच्या पाण्याची बादली माझ्यापाशी ठेवून गेले.

त्या पाण्याने बी धुतलं, आणि उगवतं का ते पाहायला त्यातलं मूठभर ओल्या पोत्यात बांधून ठेवलं. काही दिवसांनी कांताबाईने पोतं उघडलं. जवळजवळ प्रत्येक बीला पांढरा कोंब होता. ती रडू लागली. पंजाबरावांनी कोंब आलेलं एक बी उचलून पाहिलं. म्हणाले, "राहू दे तो तुकडा तुह्या मायच्या बीले."

आता माझी कड फुटली आहे. तरी बी धुऊन झालं की कांताबाई मलाही निवळीने धुते आणि सावलीत पालथा घालते. एवढी कदर कोणत्या टबाच्या वाट्याला येते? मी फार भाग्याचा आहे.

मित्रांनो, तेजाबाला मोठ्यांवाचून हात लावू नका. आणि एवढं ऐका माझं. कोणी रुजलं नाही, तर ते मेलं असं ठरवण्याआधी, त्याच्या अंगावर काय राहून गेलंय, ते एकदा बघा.