दोन नंबरचं बटण

आमच्या ह्यांनी एकाच आठवड्यात दोन्ही गाड्या विकल्या आणि तिसरीच एक घरी आणली, तेव्हा मला पहिली शंका आली ती त्यांच्या तब्येतीची. ती खरी निघाली. मानेतली चकती सरकली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघता, तेवढं मानेला पुरे. ते हेल्मेट, ते पट्टे, तो ट्रॅक, सगळं बंद." हे दंतवैद्य आहेत. जन्मभर दुसऱ्यांना गोड बंद करायला सांगत आले, पण आपल्यालाही कुणी काही बंद करायला सांगेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. काही दिवस तोंड पाडून बसले आणि मग एकदम गाड्यांच्या जाहिराती देऊन मोकळे झाले.

ट्रॅक म्हणजे शर्यतींसाठी बांधलेला वळणावळणाचा बंदिस्त रस्ता. सुट्टीच्या दिवशी भाडं भरलं की तिथे कुणालाही आपली गाडी हवी तेवढी दामटता येते. हे कितीतरी वर्षं दामटत होते. त्यासाठी घरात दोन गाड्या. एक लाल. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं हप्त्याहप्त्याने आत जायचं. दुसरी खडखडी. तिच्यात चालवणाऱ्याची एक सीट, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि बाकी नुसता पत्रा. वजन कमी झालं की गाडी पळते, म्हणून आतलं सगळं उपटून काढलेलं. ती रस्त्याच्या टोकाला वळली की खालच्या मजल्यावरून माझी नणंद ओरडायची, "वहिनी, भांडी आली!"

ही खडखडी मुळात माझी गाडी. ते इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी कपडे बेतते, म्हणजे माप घेऊन कापड कापते. शिवायचं काम दुसरीकडे जातं. लग्नाआधी मी माझ्या कमाईतून एक छोटीशी आकाशी गाडी घेतली होती आणि तिला डबी म्हणायचे. डबीतून कापडाचे तागे आणायचे. एकदा हे म्हणाले, "एका दिवसापुरती ट्रॅकवर नेऊ का गं?" मी हो म्हटलं. मग मागची सीट निघाली, "तुझे तागेच जास्त मावतील" म्हणून. मग खालचा गालिचा गेला, मग शेजारची सीट, मग दारांचं अस्तर. एक दिवस बघते तर काचांच्या जागी प्लास्टिक, आत पिंजरा आणि बाहेर पांढरा रंग. मी नेमकी कधी चालवायची थांबले ते मलाही सांगता येणार नाही. बसने जायला लागले एवढं खरं. बोलले काही नाही, कारण पहिलं हो माझंच होतं. पण गाडी चालवायचा परवाना मात्र दर खेपेला जाऊन नवा करून आणायचे. का, ते विचारू नका. राग कुठेतरी ठेवायला जागा लागते.

तर आता ही तिसरी. अकरा वर्षं वापरलेली, गडद हिरवी, दोघांपुरती, वर कापडी टप. "आरामशीर आहे," हे मला पटवत होते. "सीट गरम होते. गिअर आपोआप पडतात. हे बटण दाबलं की टप घडी होऊन मागे जातो." नाखूश पेशंटला कवळी गळी उतरवताना त्यांचा जो आवाज लागतो, तोच लागला होता. मी शेजारी बसले. ह्यांच्या गाडीत बसायला मला धड सीट आहे, हेच आधी नवल वाटलं. गाडी मऊ चालत होती. हे मात्र प्रत्येक वळणाला दात आवळत होते.

"वेग नाही, आवाज नाही," परत येताना हे पुटपुटले. "माणसाने करायचं काय मग?"

"माणसाशी बोलायचं," मी म्हटलं.

ती बटणं पहिल्यांदा दिसली ती मला. चालवणाऱ्याच्या दारावर आतून तीन बटणं होती. एकावर 'सेट', दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. ह्यांनी समजावलं, की आपल्याला हवी तशी सीट आणि आरसे लावायचे, सेट दाबून आकडा दाबला की गाडी ते लक्षात ठेवते. मग दुसऱ्या कुणी हलवलं तरी नुसता आकडा दाबला की सगळं जागच्या जागी. त्यांनी एक दाबलं. सीट घरघरत मागे गेली. आधीचा मालक उंच होता, हेही उंच, दोघांचं माप जवळपास जमलं.

"आणि दोन?" मी विचारलं.

त्यांनी दोन दाबलं आणि तसेच बाहेर उडी मारून उभे राहिले, कारण सीट पुढे निघाली ती थांबेचना. पुढे गेली, वर चढली, पाठ ताठ झाली आणि स्टिअरिंगला जवळजवळ चिकटूनच थांबली. बाहेरचे दोन्ही आरसेही हळूच वर वळले. आरशांत मागचा रस्ता नव्हताच. नुसतं आभाळ होतं.

मी वाकून आत बघितलं.

"कोण बसत असेल हो इथे?"

"कोणी का बसेना," हे म्हणाले. "मी त्यात वळणं घेताना बसायची माझी बैठक टाकणार आहे. जरा खाली, जरा पुढे."

"आधी कोण ते कळू दे. मग टाका."

"अगं, गाडी आपली आहे!"

"म्हणूनच म्हणते. आपल्या गाडीत कोण आहे ते आपल्याला माहीत नको?"

त्यांनी हात टेकले. सुट्टीच्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर ती व्यक्ती सापडली नाही, तर दोन नंबर त्यांचा.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात गेल्यावर मी माझी टेप घेऊन खाली उतरले. आता तुम्ही म्हणाल, सीटवरून माणसाचं माप निघतं का? मला वाटलं, निघतं. बाहीवरून मी हात सांगते, खांद्यावरून चाल सांगते. सीटपासून पेडल, पाठीपासून स्टिअरिंग, सीटपासून टप, सगळं मोजलं. निघाली एक बाई. उंची फार तर पावणेपाच फूट, हात अंगाच्या मानाने आखूड, पोट औषधालासुद्धा नाही. असलं माप मी जन्मात घेतलेलं नव्हतं. पण मापं खोटं बोलत नाहीत असा माझा ठाम समज, त्यामुळे मी बाईवर शंका घेतली, टेपवर नाही.

मग वाटलं, आपणच बसून बघावं. बसले आणि दोन दाबलं. सीट मला घेऊन पुढे निघाली. गुडघे अडकले, पोट अडकलं आणि हॉर्न वाजायला लागला. तो मीच वाजवत होते, पोटाने. नणंद खिडकीतून वाकली.

"वहिनी, काय चाललंय?"

"बाई शोधतेय!" मी आतूनच ओरडले.

"दादाने गाडीबरोबर बाईपण आणली?"

तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या दोघीतिघी येऊन सीट बघून गेल्या. कुणी म्हणालं सर्कशीतली असेल, कुणी म्हणालं शाळकरी पोर असेल, हात आखूड आहेत म्हणजे. नणंद म्हणाली, "पण आरशात आभाळ कशाला?" तिथे सगळ्यांची मती खुंटली.

मला मात्र ते कळल्यासारखं वाटायला लागलं होतं. भांडी घासताना, कापड आखताना ती बाई डोळ्यांपुढे यायची. एवढीशी, नाक काचेला लावून, टप उघडा टाकून एकटीच निघालेली. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत आणि ही आरशांत ढग बघतेय. मागे कोण आहे ह्याची तिला पर्वाच नाही. मला ती फार आवडली. आणि खरं सांगायचं तर मी मनात एक हिशेबही केला होता. ती जर चालवू शकते, तर मी का नाही? ती मिळाली असती तर मी तिला विचारणार होते, बाई गं, पहिल्या दिवशी भीती वाटली होती का?

विकणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. बिचारे सज्जन. "दोन नंबर?" ते म्हणाले, "मी कधी दाबलाच नाही हो. मला काय गरज?" इतकी वर्षं दारावर एक बटण आहे आणि ते दाबून बघावंसं वाटत नाही, अशी माणसं असतात. वर म्हणाले, "टपाचं काही निघालं तर आमच्या टपवाल्या मिस्त्रींकडे न्या. गाडी नवी होती तेव्हापासून तेच बघतात."

टपाचं निघालंच. सुट्टीच्या आदल्या दिवशी ह्यांनी हौसेने पाइप लावून गाडी धुतली आणि सीटमागचा गालिचा ओला चिंब झाला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मात्र मनातून खूश. सकाळी आम्ही मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. एका भिंतीला कापडाचे तागे, दुसऱ्या भिंतीला पत्र्याच्या चौकटी, मधे जाड सुयांचं शिलाई मशीन. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मिस्त्री वयस्कर, ढगळ डगला घातलेले. गाडी बघताच म्हणाले, "अरे, ही आली का!" ह्यांनी पाण्याचं सांगितलं.

"भोक तुंबलंय," मिस्त्री म्हणाले. "टपावरचं पाणी सीटच्या मागे उतरतं. तिथे दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात खाली जायला. पालापाचोळा अडकतो." असं म्हणत त्यांनी दार उघडलं, बाहेर उभ्या उभ्याच हात आत घातला आणि न बघता दोन दाबलं.

सीट घरघरत पुढे गेली, वर चढली, ताठ झाली. मागे ऐसपैस जागा झाली. मिस्त्री त्या जागेत कंबरेपर्यंत आत शिरले, एक तार घातली आणि गाडीखालून गढूळ पाणी भळाभळा वाहायला लागलं.

"हे दोन नंबर..." मी विचारलं. "तुम्ही लावलंय?"

"मीच की!" आतून आवाज आला. "दर वेळी सीट पुढे घेत बसायचा कंटाळा यायचा. मालक दोन वापरत नव्हते, म्हटलं आपण वापरू."

"आणि आरसे? ते वर का?"

"आरसे?" मिस्त्री बाहेर आले. त्यांना काही आठवेना. "पुसताना लोटले गेले असतील. त्याकडे कोण बघतंय, ताई!"

हे हसायला लागले. मान दुखेपर्यंत हसले. मीही हसले, पण मला खरोखर वाईट वाटलं. ती एवढीशी बाई गेली. नव्हतीच ती कधी. त्या सीटवर कुणीच बसलेलं नव्हतं.

"चला, लागला शोध," हे डोळे पुसत म्हणाले. "दोन नंबर मोकळा. आता माझी वळणांची बैठक." आणि त्यांनी दाराकडे हात नेला.

"थांबा," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच निघालं. "डबी माझी होती."

"कोण डबी?"

"खडखडी. ती विकून ही आणलीत ना? ती माझी होती."

हे माझ्याकडे वळले. "ती तर..." म्हणाले आणि थांबले. मिस्त्री शहाणे, तार धुवायला नळाकडे निघून गेले. ह्यांचा हात दारावर तसाच होता. विसरले होते, अगदी प्रामाणिकपणे विसरले होते, हे मला दिसत होतं. आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"आकाशी होती," हे म्हणाले.

"हो."

"पुढे तुझा टाचण्यांचा डबा असायचा. मी तो काढला. वजन नको म्हणून."

"टाचण्यांचं वजन?"

ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी तसं न करायला सांगितलं होतं. मग किल्ली माझ्या हातात दिली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावून समोर बघत राहिले.

मी चालवायच्या जागेवर बसले. सीट मागे घेतली, थोडी. मग आणखी थोडी. पाय पेडलवर नीट टेकेपर्यंत, पोट मोकळं होईपर्यंत. पाठ हवी तेवढी कलती केली. आरशांत अजून आभाळ होतं. ते बघावंसं वाटलं, बघितलं, आणि मग आरसे खाली आणले, मागचा रस्ता दिसेपर्यंत. सेट दाबलं. दोन दाबलं. गाडीने एकदा टिंग केलं.

मिस्त्री नळापाशीच उभे होते. "ताई, मग आता सर्व्हिसला मी काय दाबू?"

"दाराची बेल," मी म्हटलं. "मी येईन खाली."

घरापर्यंत मी चालवली. टप उघडाच ठेवला होता. पहिल्या चौकात बंद पडल्यासारखी उभी राहिले आणि मागच्याने हॉर्न वाजवला. ह्यांचा पाय कितीदा तरी नसलेल्या ब्रेकवर गेला, पण तोंडातून शब्द काढला नाही. घराजवळच्या वळणावर मात्र हळूच म्हणाले, "छान घेतलंस." त्यांच्याकडून वळणाचं कौतुक म्हणजे केवढी गोष्ट, ते मला माहीत आहे. मी ऐकलं नाहीसं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर कापड पसरून बसले होते. खालून हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. खिडकीतून बघते तर हे घाईघाईने गाडीत शिरलेले, गुडघे स्टिअरिंगखाली अडकलेले, एक पाय बाहेर, आणि हॉर्न दाबला जातोय तो पोटाने. नणंद आपल्या खिडकीत आधीच हजर होती.

"अगं!" हे ओरडले. "हिच्यात बसायचं कसं?"

"एक नंबर दाबा!" मी वरून सांगितलं. "दोन माझा आहे."