उशीर करणाऱ्यांचे आभार

वाचनालयाची संगणकवाली ताई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि तीन वर्षं हंगामीच राहिली. कायम व्हायचं तर नव्या यंत्रावर स्मरणपत्रांचं काम बिनबोभाट चालायला हवं होतं. निकाल ग्रंथपालबाई सोमवारी देणार होत्या.

घरच्या लॅपटॉपवर पत्रं धाडणारी तिची स्क्रिप्ट गुण्यागोविंदाने चालायची. नव्या यंत्रावर मात्र त्याच स्क्रिप्टने वर्षानुवर्षं पुस्तकं दाबून बसलेल्या दोनशे जणांना पत्र धाडलं, ‘पुस्तक वेळेवर परत केल्याबद्दल आभार.’

ताईने वाचनालयाचे संगणक सांभाळून निवृत्त झालेल्या यंत्रपालांना बोलावलं. शिंकण्याआधीही प्रमाण विचारतील असे, म्हणून सगळे त्यांना नियमकाका म्हणत.

काकांना चूक लगेच दिसली. “वर लिहिलंस, आज्ञा वाचायला साधा शेल चालव. आणि खाली कंस बॅश नावाच्या बड्या शेलचे, दुहेरी! तुझ्या लॅपटॉपवर साध्या शेलच्या नावाने बॅशच बसलाय, तो लाड करतो. हा नवा पॉझिक्सच्या, म्हणजे सगळ्या शेलांसाठी ठरलेल्या, प्रमाणाबाहेर बोटभर सरकत नाही. त्याला ‘उशीर झालाय का’ ही तुझी अटच कळली नाही. ती खोटी धरून गडी गेला ‘नाहीतर’च्या वाटेने. तिथे तू वेळेवर आणणाऱ्यांचे आभार ठेवलेले!”

“पण प्रमाण वाचू कुठे, काका? आपलं पॉझिक्सचं पुस्तक नऊ वर्षं बाहेर आहे.” ताईने नोंद उघडली. “कोणाकडे... अगोबाई!”

काका खोकले. पिशवीतून जाडजूड ग्रंथ निघाला. “मलाही आलं ते पत्र. इतकं गोड कोणी लिहिलं, की माणसाला लाज वाटतेच ना!”

लाज पुष्कळांना वाटली होती. सोमवारी सकाळी रांग जिन्यापर्यंत होती. दातांचे डॉक्टर तर सात रहस्यकथा घेऊन, मान खाली घालून उभे.

ग्रंथपालबाई हरखल्या. “तीस वर्षं मी धमक्या लिहिल्या, कुत्रं फिरकलं नाही. काय डोकं चालवलंस गं!”

गप्प राहिली असती तर नोकरी पक्की होती. पण ताई म्हणाली, “डोकं नाही, बाई. चूक झाली. कंस चुकले.”

“असं? मग दुरुस्त करू नकोस.”

“म्हणजे काय!” रांग बघायला आलेले काका कडाडले. “चूकसुद्धा प्रमाणात बसली पाहिजे!”

ताईने सगळं साध्या शेलला कळेल असं पुन्हा लिहिलं, आभार मुद्दाम उशीरवाल्यांच्या वाट्याला घातले. काकांनी ओळीवर बोट ठेवून पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली.

नेमणुकीच्या कागदावर सही करता करता बाई थबकल्या. “आणि वेळेवर आणून देणाऱ्यांना काय पाठवायचं?”

“काही नको, बाई,” ताई म्हणाली. “ते तसेही येतातच.”

बाईंनी सही पुरी केली.