टीनाचा माइक, आमची लेंगी

टीनानं खोकं उघडलं आणि सगळा वर्ग त्यावर तुटून पडला. आत कंडेन्सर माइक! काळा, जाडजूड, ऐटबाज. सोबत एक लाल डबी, इंटरफेस म्हणतात तिला. मी माझा कॉलर माइक गुपचूप दप्तरात ढकलला.

शाळेतर्फे एक लेंगी रेकॉर्ड करून जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायची होती. लेंगी म्हणजे आमच्या तांड्याचं होळीचं गाणं. रामीबाई आत्याच्या मागं फेर धरून धरून मी ते शिकले. आणि टीना? शिरपूरच्या कापड दुकानदाराची लाडकी लेक, चार दिवसांत मोबाइलवर ऐकून शिकली. तरी मदनसिंग सर म्हणाले, "माइक टीनाचा हाय, तं पुढं टीनाच गाईन. मंजू, तू मागं झील धर."

झील! मागून नुसत्या ओळी उचलायच्या! मी!

डफ वाजला, टीना गायला लागली. लॅपटॉपवर आवाजाची रेघ मात्र सपाट, जणू कोणी तोंडच उघडलं नाही.

"काहून आवाज येऊन नाही राह्यला?" सर घामाघूम.

मला ठाऊक होतं ना! माझ्या कॉलर माइकला लॅपटॉपच्या गोल भोकातून येणारे दोन-तीन व्होल्ट पुरतात. या महाराजांना लागतात अठ्ठेचाळीस. लॅपटॉपकडून ताकद घेऊन ती डबीच ते तयार करते आणि आवाजाच्याच वायरीतून माइककडे धाडते. पण आधी डबीवरचं ४८ लिहिलेलं बटण दाबावं लागतं. मी हाताची घडी घालून बसले. गा म्हणावं अजून.

"सर, याले करंटच भेटून नाही राह्यला," अमरदीप उठला. "फवारणी पंपाची बॅटरी आणू का? बारा व्होल्टाची हाय. वायरी छिलून जोडून देतो."

"आण!"

टीनाचं काय व्हायचं ते होवो, पण तो माइक जळला तर मी कधी गाणार त्यात?

"थांब रे येड्या! हात नको लावू त्याले!" मी धावले अन् बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"मंजू, तुले माहीत होतं?" टीना म्हणाली.

"आत्ताच सुचलं."

टीना पुन्हा गायली. रेघ डोंगरासारखी उसळली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, धुमसत. गाणं संपल्यावर सरांनी ते सगळ्यांना ऐकवलं. टीनाचा आवाज छान होता, मेला. आणि त्याच्या खाली, अगदी स्पष्ट, दुसरा एक आवाज:

"इथं थांबाचं असते, शहाणे! डफ पडू दे ना आधी!"

एवढ्या लांबून माझं पुटपुटणं पकडलं त्या माइकनं! वर्ग फिदीफिदी हसला. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं.

टीनानं कानावरचे हेडफोन काढले. "सर, ती बरोबर बोलून राह्यली. माझा डफाचा ठेका चुकते. मंजू, ये तूच गा. मी झील धरतो."

मी गायले. डोळे मिटून, छाती भरून, थांबायचं तिथं थांबून. टीना माझ्यामागं झील धरून डोलत होती. संपल्यावर सर म्हणाले, "बस. हेच पाठवू." सगळ्यांत जोरात टाळ्या टीनानंच वाजवल्या.

मनापासून! थोडं तरी जळायचं ना बाई!