ताप उतरलेला माणूस

वारलूच्या फाटकापुढे वच्छलाने सायकल आडवी लावली आणि तिला टेकून ती उभी राहिली. नुकतं फटफटत होतं. बिडीच्या तेंदूपानाच्या दिवसांत गाव या वेळेलाच रानाकडे निघतं. उन्हं चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर पुडके बांधायचे, संध्याकाळी ठेकेदाराच्या फळीवर, म्हणजे त्याच्या खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. हंगाम चार दिवसांचा, आणि त्याच्या आड कोणी आलं तर त्याची धडगत नसते. वच्छला याच गावातली आशा वर्कर, तिला हंगामाचं हे कोणी सांगायला नको होतं. तरी ती हलली नाही.

"सरका बाई," डोक्याला दुपट्टा गुंडाळत वारलू म्हणाला. "ताप उतरला माह्या."

"उतरला म्हणूनच आली मी."

वारलू म्हणजे गावातला दांडगा गडी. धानाचं पोतं एकट्याने गाडीत टाकणारा. कोरोना झाला तेव्हा आठवडाभर खाटेवर पडला, तेही गावावर उपकार केल्यासारखा. आता ताप नव्हता, जेवण जात होतं, आणि त्याची बायको रुखमाबाई टोपली घेऊन मागे उभी होती. अशा माणसाला आजारी म्हणायचं म्हणजे त्याचा अपमानच.

पण वच्छलाचा नवरा श्रावण मागच्या भादव्यात याच रोगाने गेला होता, आणि तो तापात गेला नव्हता. ताप उतरला, त्याने दाढी केली, झिंग्यांची भाजी मागून खाल्ली आणि शेतावर पाणी बघून आला. दुसऱ्या दिवशी त्याला धड बोलता येईना. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला बाजूला बसवून समजावलं, की विषाणू तोवर जवळजवळ हरला होता. त्याच्याशी लढायला उठलेली श्रावणच्या शरीराची फौजच थांबेना, ती छातीत धुमाकूळ घालत राहिली. सगळ्यांचं असं होत नाही, पण ज्यांचं होतं त्यांचं बहुधा दुसऱ्या आठवड्यात होतं, आणि कित्येकांना ते कळतही नाही. वच्छलाला त्या बोलण्याचा भयंकर राग आला होता. आपलंच शरीर आपल्या जिवावर उठतं, हे तिला पटेना. मात्र तेव्हापासून तापलेल्या माणसापेक्षा ताप उतरलेल्या माणसाचीच तिला जास्त धास्ती वाटे.

तिने ऑक्सिमीटर पुढे केला. वारलूने बोट घातलं. आकडा शहाण्णव आला, तेव्हा त्याने बायकोकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलं. मग वच्छलाने त्याला हापशीपर्यंत फेऱ्या मारायला लावल्या. तो मुद्दाम तरातरा चालला. परत येऊन बोट घातलं, तर अठ्ठ्याऐंशी. वच्छला वाट पाहत राहिली, आकडा वर सरकेना. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की धोका, हे तिला पाठ होतं.

मशीन बिघडली म्हणून वारलू मोकळा झाला. रुखमाबाईच्या बोटाला लावून पाहिली तर अठ्ठ्याण्णव. तिचं बोट बारीक आहे, असं त्याचं त्यावर म्हणणं पडलं. मग त्याने सायकलीच्या हँडलला हात घातला.

"वारलूभाऊ," वच्छला म्हणाली, "मांगच्या कार्तिकात तुमच्या बांधीत डुक्कर घुसला होता. ध्यानात हाय का?"

वारलूचा हात थांबला. ती गोष्ट त्याच्या तोंडावर कोणी काढत नसे. कापणीला आलेल्या धानात रानडुक्कर शिरलं, तेव्हा त्यानेच आरोळी ठोकून सारं गाव बोलावलं होतं.

"डुक्कर तर कवाच पळाला. तरी तुमी सारे काठ्या घेऊन धावूनच राह्यले. मी बांधावर उभी होती. डुकरानं कोपराच खाल्ला. बाकी धान कोनं तुडवला?"

उत्तर रुखमाबाईने दिलं. "आपल्याच लोकायनं."

"तेच चालू हाय यायच्या छातीत. डॉक्टरीणबाई काय सांगत होती, ते मले त्या दिवशी तुमच्या बांधावर समजलं. त्या लोकायले थांबवाची दवाई हाय दवाखान्यात. श्रावणले भेटली नाई, आमाले उशीर झाला. तुमाले नाई होऊ देत."

शेवटी वारलूने डोक्याचा दुपट्टा सोडला.

"अन् पानं?"

"रुखमाबाईसंगं मी जाईन."

दवाखान्याची गाडी बोलावली, वारलू गेला, आणि वच्छलाने दिलेला शब्द पाळला. पहाटे रुखमाबाईबरोबर रान, दुपारी पुडके, संध्याकाळी गावातली घरं. पुडके बांधायला ती मागच्या वर्षापर्यंत श्रावणबरोबर बसत असे. तो पानं जुळवून द्यायचा आणि ती गाठ मारायची. आता पानं रुखमाबाई जुळवून देई. पहिल्या दिवशी वच्छलाला गाठ मारवेना. रुखमाबाई जुळवलेली पानं धरून थांबली, मग वच्छलाने डोळे पुसले आणि पुडका बांधला.

वारलू परत आला तेव्हा हंगाम संपून फळी उठली होती. दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लागला, सुया टोचल्या, अंगावरचं मांस उतरलं. आवाज मात्र लवकरच पहिल्यासारखा झाला. मग तो हापशीजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला.

"मले काईच झालं नव्हतं. या बाईनं उगाच दवाखान्यात टाकलं. माह्या तेंदूचा सीझन बुडवला."

रुखमाबाई शरमेने अर्धी होऊन वच्छलाकडे धावत आली. मनाला लावून घेऊ नका म्हणून विनवू लागली.

"बोलू द्या त्यायले," वच्छला म्हणाली.

तो एका दमात एवढं सगळं बोलत होता, मध्ये धाप नव्हती, खोकला नव्हता. वच्छला दारात उभी राहून ऐकत राहिली. श्रावणने असंच हापशीवर बसून तिला नावं ठेवली असती, तर तिने जन्मभर आनंदाने ऐकून घेतली असती. मग तिने ऑक्सिमीटर पिशवीत टाकला आणि सायकल काढली. गावाच्या खालच्या टोकाला कालच एकाचा ताप उतरला होता.