सिमेंटच्या रंगाची गाडी

गोटीराम नवी गाडी घेतोय, तीही घासाघीस न करता, हे कळलं आणि नवसाबाईच्या मनात पाल चुकचुकली. बियाण्याच्या दुकानात एका पुडीसाठी मालकाला घाम फोडणारा हा माणूस! त्याला शोरूमवाल्यानं सांगितलेली किंमत एका दमात पटली? नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात तिची सगळी हयात ह्याच माणसाबरोबर गेली होती. तिला कोण बनवणार?

गाडी पाहिजे होती, हे खरं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं माहेर सुटलं होतं. माहेर काही लांब नाही, इथंच सिन्नरला. तिथं भाऊ धोंडीराम आणि म्हातारी आई, गोजराबाई. पण एसटीची पायरी चढवेना आणि जीपमधली कोंबाकोंबी सोसवेना. तिनं विषय काढला की गोटीराम म्हणायचा, "दसऱ्याला बघू. तेव्हा भाव पाडतात."

आणि नव्या गाड्यांवर तर त्याचा केवढा राग! रस्त्यात एखादी दिसली की हा सुरू. "दिवे बघ कसे, चोरून बघितल्यागत बारीक. आत टीव्ही बसवलाय, थंड हवा पाहिजे तर त्यात बोट घाला! चार बटणं काढून घेतली आन् वर किंमत वाढवली. आधी भाव चढवायचा, मग सणाला उतरवल्याचं नाटक करायचं. लुटारू साले!" घरात रोज हेच ऐकून तिचे कान किटले होते.

आता द्वारका चौकाजवळच्या त्या चकचकीत शोरूममध्ये तोच गोटीराम इस्त्रीचा सदरा घालून गुपचूप उभा होता. पोरगा महेश शेजारी. रविराज नावाच्या तिथल्या विक्रेत्यानं गाडीवरचं कापड ओढलं आणि नवसाबाई बघतच राहिली. ओल्या सिमेंटचा रंग! शुभकार्याला कुणी असला रंग घेतं का?

"आवडला तुम्हाला हा रंग?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"चांगलाय की. मळ दिसत नाय."

"काकू, बाकीच्या रंगांना थांबावं लागतं," रविराज म्हणाला. "काकांना लगेच पाहिजे होती."

लगेच? अन् दसरा तोंडावर आलेला असताना? तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला असणार. नाहीतर कुणाच्या तरी भानगडीत पैसा अडकलाय. तिनं महेशला बाजूला घेतलं.

"खरं सांग. जमीन विकली का रे?"

"नाही गं आई."

"मग घाई कसली?"

महेशनं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बापलेक मिळून आपल्याला येड्यात काढतायत, ह्याबद्दल तिला आता शंकाच उरली नाही. संताप झाला तिचा.

"काकू, बसा. फोटो घेतो," रविराज म्हणाला.

"मी नाय बसायची. काय चाललंय ते आधी कळू द्या मला."

गोटीराम वाकला, फरशीवर गुडघा टेकला आणि तिचा पाय दोन्ही हातांनी धरून गाडीत ठेवू लागला.

"अहो! पाय काय धरता? लोकं बघतायत!"

त्यानं हात काढला नाही. हा माणूस आजवर तिच्यापुढे कधी वाकला नव्हता. नवसाबाईचा राग जागच्या जागी विझला. गेले कित्येक दिवस फोन केला की धोंडीराम म्हणत होता, आई झोपलीय, ताई.

"माझ्या आईला काय झालंय?"

"पोटात गाठ हाय," गोटीराम खाली बघूनच म्हणाला. "घरीच ठेवा म्हणाले डॉक्टर. थोडेच दिवस..."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पोळ्याला."

"पोळ्याला! आन् मला आज सांगताय? नाशकात भाड्यानं गाडी मिळत नव्हती का?"

"तुझी आई नेहमी म्हणायची ना, माझ्या लेकीला टेम्पोतच बसवलं आयुष्यभर. वाटलं, आता तू आपल्या सोताच्या गाडीतून उतरावीस. तिच्या डोळ्यांदेखत." त्यानं रविराजकडं बघितलं. "लगेच देतो म्हणाले होते. पण कागदपत्रांत दिवस गेले."

"ती माझी वाट बघत असंल हो! गाडीची नाय!"

तिनं दाराची कड धरली, दात आवळले आणि दुसरा पाय स्वतःच आत ओढून घेतला. रविराज हार आणि नारळ घेऊन अवघडून उभा होता.

"काकू, नारळ राहिलाय फोडायचा."

"राहू दे," ती म्हणाली. "महेश, सिन्नरला घे."