भट्टीवरची फळी

बाबांच्या तोंडात एक जुना शब्द आहे, चक्रम. आता तो कुणी फारसा वापरत नाही; बाबांचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. मीठ विसरणारा कारागीर चक्रम, दिशा बदलणारा वारा चक्रम, आणि छताकडे बघून खुदखुदणारी माझी तान्ही लेक म्हणजे "आपल्या घराण्यातली अव्वल चक्रम!"

मी पुढे दुकानात पाव विकायचे, तेव्हा मागच्या खोलीत तिला तेच सांभाळायचे. दुसरं होतंच कोण? हल्ली ते विसरायला लागले होते. पण चष्मा, चप्पल, एवढंच. मी मनाची समजूत घालत होते.

त्या दुपारी गिऱ्हाइकं आवरून आत आले. बाबा खुर्चीत पेंगत होते. पाळण्यात दुलई छान खोचलेली. तिच्याखाली हात घातला आणि बोटं रुतली. गार, चिकट. पिठाचा गोळा होता.

"बाबा, बाळ कुठाय?"

"झोपवलंय की. हळू बोल जरा."

"हे पीठ आहे, बाबा!"

"काहीतरीच तुझं! पीठ मी फुगायला ठेवलंय, वर."

वर म्हणजे भट्टीवरच्या फळीवर. आणि भट्टी मी मघाशीच पेटवली होती.

स्टुलावर कशी चढले, कोण जाणे. काठवटीवर ओलं फडकं पसरलेलं, कडा नीट खोचून, बाबा आयुष्यभर पिठावर पसरत आले तसं. ते हलत नव्हतं. उचलायला माझा हात धजेना. मग ओढलंच. आत माझी चिमणी, लालबुंद, घामाने निथळलेली. क्षणभर काहीच नाही. मग तिने असा टाहो फोडला की तिला छातीशी धरून मी खालीच बसले.

बाबा दारात उभे होते. "हा चक्रमपणा कुणाचा?"

"माझाच. घाईत होते ना."

त्यांनी पाळण्यातल्या गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला खोटं बोलता येत नाही गं पोरी," ते म्हणाले. "उद्यापासून हिला पुढे तुझ्याजवळ ठेव. मी मागितली, अगदी रडून मागितली, तरी देऊ नकोस. देणार नाहीस ना?"

तिच्या डोक्यावरून हात फिरवायला ते पुढे आले, आणि मी चटकन बसल्याबसल्या मागे सरकले.

बाबांनी हात आवरता घेतला. "हां," ते म्हणाले. "असंच."